वरच्या खांबेटे, खालच्या खांबेटे

"आहेत ना! नेमके त्याच विषयातले तज्ज्ञ आहेत आमच्याकडे," गुळवणी सर फोनवर इंग्रजीत म्हणाले आणि त्याच क्षणी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचं ड्रिल किंचाळलं. सरांनी फोनवर तळहात दाबला आणि मला कुजबुजत विचारलं, "ऋजुता, कॅनरी म्हणजे काय गं?"

"पक्षी, सर. पिवळा. पिंजऱ्यात ठेवतात."

"येस येस, द यलो बर्ड," सर फोनमध्ये म्हणाले. "व्हेरी डिअर टू अस."

आता इतक्या वर्षांनी हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. गुळवणी सरांचं भाषांतराचं ऑफिस एरंडवण्यात होतं. आम्ही जन्मदाखले, प्रतिज्ञापत्रं आणि क्वचित एखाद्या पंपाची माहितीपुस्तिका भाषांतरित करून घ्यायचो. माझी नोकरी अजून कच्ची होती. सरांचा स्वभाव असा, की गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं त्यांना शिवी दिल्यासारखं वाटे. ते सगळ्याला 'हो' म्हणत आणि मग ते 'हो' निस्तरायला माझ्या टेबलावर आणून ठेवत.

"मिझुतानी नावाचे जपानी गृहस्थ आहेत," सर फोन ठेवून म्हणाले. "चाकणला मोठ्या हुद्द्यावर. वडील तिकडे जपानात कॅनरी पाळतात. गाणाऱ्या. वडिलांच्या एका जर्मन मित्रानं कॅनरीच्या गाण्यावर छोटी पुस्तिका लिहिलीय आणि शेवटच्या पानावर खुद्द वडिलांच्या पक्ष्याबद्दल अभिप्राय दिलाय. ती जर्मनमधून जपानीत हवी. मध्ये इंग्रजी चालणार नाही. आधी एकांनी इंग्रजीतून करून दिली, त्यात म्हणे पक्षी दारावरची बेल वाजवतो आणि भूमिका बदलतो असं काहीतरी झालं. वडील भडकलेत."

"सर, जर्मन आणि जपानी दोन्ही येणारं, आणि वर पक्ष्यांचं गाणं कळणारं माणूस..."

"पुण्यात आहोत आपण, ऋजुता. इथे दगड मारला तर जर्मन येणाऱ्याला लागतो, आणि तो उडून जपानी येणाऱ्याला लागतो. हे काम नीट झालं ना, तर त्यांच्या कारखान्याच्या सगळ्या मॅन्युअल्सचं काम आपल्याकडे येईल. तुझी नोकरी पक्की. नाहीतर," सरांनी उसासा सोडला, "तू तुझं बघायला मोकळी."

माझं बघणं म्हणजे बाबांच्या मित्राची पतसंस्था. तिथे मला पासबुकं छापायला बसवायचं बाबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी मुकाट्यानं फोन ओढला.

दगड मारला तर लागतो हे खरं, पण एकाच दगडात दोन्ही लागत नाहीत. दोन्ही भाषा येणारे एक गृहस्थ ओसाकाला जाऊन स्थायिक झाले होते. दुसरे मिळाले, पण त्यांचा आयुष्यभराचा विषय गिअरबॉक्स. "पक्षी?" ते फोनवर म्हणाले. "त्याला रिव्हर्स असतो का हो?" तिसऱ्या बाईंनी सांगितलं, की त्या फक्त तत्त्वज्ञान करतात, पक्षी आत्म्याचं रूपक म्हणून येत असेल तर बघतील. मी म्हटलं, बाई, हा दाणे खातो. त्यांनी फोन ठेवला.

हे सगळं करताना एक गोष्ट मी जीव मुठीत धरून लपवत होते. पण सरांना ती आठवलीच.

"अगं, तुझी आई जर्मन शिकवते ना?"

"हो, पण..."

"आणि काकू जपानी! मागे तूच म्हणाली होतीस. एकाच घरात दोघी, आणि तू त्या गिअरबॉक्सवाल्याला फोन करतेस?"

"सर, एका घरात नाही. एकावर एक. आई वर राहते, काकू खाली. त्या बोलत नाहीत एकमेकींशी."

"कधीपासून?"

"मी शाळेत असल्यापासून."

सरांनी क्षणभर विचार केला. मग टेबलावर थाप मारली. "बोलायचंय कुठे? लिहायचंय! आई जर्मनचं मराठी करेल, काकू मराठीचं जपानी. इंग्रजी मध्ये येतंय का? नाही. मग शब्द पाळला की नाही आपण?" आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी मिझुतानींना कळवूनही टाकलं, की काम मिसेस खांबेटे करणार आहेत.

"कुठल्या मिसेस खांबेटे, सर?"

"एक आडनाव, एक पत्ता. खोटं काय आहे त्यात?"

आमच्या सहकारनगरच्या घराची रचना सांगायला हवी. आजोबांनी दोन मुलांसाठी दोन मजले बांधले, मध्ये एक जिना ठेवला आणि जिन्याच्या मधोमध वळणावर एक ऐसपैस चौक. बिचाऱ्यांना वाटलं असणार, सुना तिथे बसून वाटाणे सोलतील. जावा-जावा आणि उभा दावा ही म्हण त्यांनी ऐकलीच नसावी. बाबा आणि काका रोज सकाळी जोडीनं तळजाईला फिरायला जात, येताना एकाच गाडीवर चहा पीत आणि फाटकाशी आले की तोंडं शिवून आपापल्या मजल्यावर जात. भांडण कशावरून झालं हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. विचारलं तर बाबा म्हणायचे, "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काहीतरी झालं बुवा. पुरुषांना प्रवेश नव्हता."

मला एवढंच आठवत होतं, की त्यापूर्वी आई सकाळी स्वयंपाक करताना गायची. मोकळ्या गळ्यानं, खाली फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. त्या हळदीकुंकवानंतर आमच्या स्वयंपाकघरात फक्त कुकर गाऊ लागला. जर्मन मात्र चालूच राहिलं, आणि आई जर्मन शिकवते म्हटल्यावर काकूनं त्याहून अवघड म्हणून जपानी घेतलं आणि हट्टानं शेवटच्या परीक्षेपर्यंत नेलं. भांडणाचा आमच्या घराण्याला झालेला फायदा तो तेवढाच.

आईनं पुस्तिका चाळली. तिच्या भुवया वर गेल्या, म्हणजे तिला आवडली. "छान लिहिलंय गं म्हाताऱ्यानं. प्रेमानं लिहिलंय. जपानी कोण करणार?"

"आहेत एक बाई."

"खालच्या?"

मी मान डोलावली. आईनं चष्मा पुसला. "तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून करते. पण माझं तिच्याशी काही बोलणं होणार नाही."

खाली काकूनं तेच वाक्य मला ऐकवलं, फक्त 'तिच्याशी'च्या जागी 'वहिनींशी' म्हणाली. भांडणातसुद्धा धाकटीनं मान सोडला नव्हता.

मग टोपली कामाला लागली. भाजीवाल्यासाठी आई गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, तीच आता काकूच्या खिडकीसमोर येऊन थांबू लागली. आत आईच्या मोत्यासारख्या अक्षरातलं मराठी. काकू ते घ्यायची, वाचायची आणि शंका लिहून टोपलीत टाकायची. आई दोरी ओढायची. दोघी एकमेकींच्या डोक्यावर आणि पायाखाली बसून पत्रव्यवहार करत होत्या, आणि मी मध्ये लटकत होते.

कॅनरीच्या गाण्याचे म्हणे पुष्कळ प्रकार असतात आणि जर्मन लोकांनी प्रत्येकाला नाव दिलंय. एक प्रकार घंटीसारखा. काकूची चिठ्ठी आली, "घंटी कोणती? देवघरातली, सायकलची की कुल्फीवाल्याची? जपानीत तिन्हींचे आवाज वेगळे." आईनं उत्तर धाडलं, "देवघरातली. पण पूजा घाईत चाललेली." एक प्रकार पाण्याचा. "माठातून ओतल्यासारखं की मोरीत गेल्यासारखं?" "माठातून. मोरी कुठून सुचली?" एक प्रकार हसल्यासारखा. "कोण हसतंय? बाई की पुरुष?" यावर आईनं बराच विचार करून लिहिलं, "ढेरी असलेला पुरुष."

मला मजा वाटायला लागली होती. चिठ्ठ्या लांबत चालल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यांच्या मात्र नव्हतं.

मग 'क्नोरं' नावाचा प्रकार आला आणि टोपली तोकडी पडली. काकूनं मला खाली बोलावलं. "हे बघ, जपानीत हलकं काही गडगडत गेलं की कोरोकोरो, आणि जड गडगडलं की गोरोगोरो. वहिनींनी लिहिलंय 'खरखरीत खर्ज'. यावरून मी काय समजू? आवाज ऐकून ये."

मी वर गेले. आईनं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग घशातून खोल असा "र्र्र्र" काढला. "तुझ्या काकांचं घोरणं," ती म्हणाली. "दुपारचं. रात्रीचं नव्हे."

आता तो आवाज सांडू न देता खाली न्यायचा होता. मी तोंडात "र्र्र्र" धरून जिना उतरू लागले. चौकात गॅस सिलिंडरवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा.

"ताई, बरं वाटत नाय का?"

मी मान हलवली, पण आवाज सोडला नाही. तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि मला जाऊ दिलं. खाली पोचेपर्यंत खर्जाचा मध्यम झाला होता. काकूनं ऐकलं आणि म्हणाली, "हे तर आमच्या ह्यांचं घोरणं."

"आईपण तसंच म्हणाली."

"वहिनींना वर ऐकू जातं?" काकू हसायला लागली आणि मग तिला आठवलं, की आपलं भांडण आहे. "गोरोगोरो," ती कोरडेपणानं म्हणाली आणि लिहायला लागली.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना आई एका शब्दापाशी अडली. मी पाहिलं, कागदावर तेवढीच जागा मोकळी होती. जर्मन शब्द होता 'होल'. मी कोशात बघितला.

"आई, पोकळ. होल म्हणजे पोकळ. लिही ना."

"तो शब्द मी लिहिणार नाही."

"अगं पण तोच अर्थ आहे."

"मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही पडलेला," आई म्हणाली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'गहिरा'. टोपली खाली गेली.

टोपली लगेच वर आली. काकूनं आईचं वाक्य उतरवून काढलं होतं, 'गहिरा आवाज गहिरा असतोच असे नाही, मात्र गहिरा आवाज गहिरा असेल तर त्यासारखे दुसरे काही नाही.' खाली एक ओळ होती, "हे शुद्धीवर असताना लिहिले आहे का?"

आईचा चेहरा लालबुंद झाला. खरं तर काकूचं बरोबर होतं. मूळ पानावर दोन निराळे शब्द होते, 'टीफ' म्हणजे गहिरा आणि 'होल' म्हणजे पोकळ, आणि म्हाताऱ्यानं दोन्हींतला फरक जीव तोडून समजावला होता. आईनं दोन्ही जागी गहिरा लिहून त्याचं पिठलं केलं होतं.

"तिला सांग, जमत नसेल तर सोडून दे!"

खालून काकूचा आवाज आला. "मला सगळं ऐकू येतं! आणि त्यांना सांग, मी चुकीच्या वाक्याखाली सही करणार नाही!"

आणि टोपली तिथेच, दोन मजल्यांच्या मध्ये, हवेत लोंबकळत राहिली. मला डोळ्यांपुढे पासबुकं दिसायला लागली.

त्यात गुळवणी सरांचा फोन. "ऋजुता, मिझुतानी साहेब मिसेस खांबेटेंना भेटायला येतायत. आत्ताच. टेप आणलीय, वडिलांच्या पक्ष्याची. मी घेऊन येतोय. कुठल्या मजल्यावर येऊ?"

"सर, तेच तर!"

"मग मधल्या मजल्यावर येतो," सर म्हणाले आणि फोन ठेवला. मधला मजला नव्हताच आम्हांला. पण चौक होता.

आई खाली जायला तयार नव्हती, काकू वर यायला तयार नव्हती. शेवटी मी चौकात दोन खुर्च्या टाकल्या पाहुण्यांसाठी. आई वरून चार पायऱ्या उतरून जिन्यावर बसली. काकू खालून चार पायऱ्या चढून बसली. दोघी इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या, हे विशेष. बाबा आणि काका फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहून आत डोकावत होते. पुरुषांना प्रवेश नसल्याची त्यांना सवयच होती.

मिझुतानी साहेब किडकिडीत, फार सभ्य. एक छोटा टेपरेकॉर्डर छातीशी धरून आले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"मिसेस खांबेटे?" त्यांनी विचारलं.

"येस," आई वरून म्हणाली.

"हाय," काकूनं खालून जपानीत होकार दिला.

मिझुतानींनी सरांकडे पाहिलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता, पण त्यांची जीभ अशा वेळीच चालते. "सर, इन इंडिया वी हॅव जॉइंट फॅमिली," ते म्हणाले. "सो, जॉइंट ट्रान्सलेशन."

मिझुतानींनी यावर गंभीरपणे मान डोलावली आणि आधी वर, मग खाली असे दोनदा कमरेत वाकले. मग टेप लावली.

मी त्याआधी कॅनरी ऐकली नव्हती. मला वाटलं होतं चिवचिव असेल. तसं काही नव्हतं. तो पक्षी चोच मिटून गात असावा. आवाज लांबून, आतून येत होता, रिकाम्या रांजणात कोणी हळूच गुणगुणावं तसा, आणि एकेक सूर घरंगळत खाली जात होता. काका रस्त्यावरून चार पावलं आत आले. आईनं डोळे मिटले होते. "हाच," ती स्वतःशीच पुटपुटली. "हाच तो."

टेप संपली. मिझुतानी हळू आवाजात जपानीत बोलू लागले. काकू ऐकत होती आणि जसजशी ऐकत होती तसतशी पदराशी चाळा करत होती. मग तिनं माझ्याकडे पाहून मराठीत सांगितलं, "ऋजुता, ते म्हणतायत, हा त्यांच्या वडिलांचा सगळ्यांत लाडका पक्षी. जर्मन मित्रानं टेप ऐकून शेवटच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. त्या आधीच्या भाषांतरकारानं त्याचं केलं, 'तुमचा पक्षी रिकामा आहे.' वडिलांना इतकं लागलं, की त्यांनी मित्राला पत्र लिहिणं सोडलं. पक्ष्यांच्या खोलीतही जात नाहीत आता. दोघं ऐंशीच्या पुढचे. ते विचारतायत, मित्र खरंच असं म्हणाला का?"

"अहो नाही!" आई ताडकन उभी राहिली. "अहो, किती चुकीचं! रिकामा काय! ही बघा शेवटची ओळ." तिनं पुस्तिका उघडून मोठ्यानं वाचलं, "होल उंट टीफ! असं लिहिलंय त्यानं. होल उंट टीफ!"

"उंटाचाही उल्लेख आहे?" गुळवणी सर घाबरून म्हणाले. "मला फक्त पक्षी सांगितले होते."

"उंट म्हणजे आणि!" आई कडाडली. "ह्यापेक्षा मोठी स्तुती नाही त्या लोकांत! गहिरा आवाज काय, कुणाचाही असतो. पण होल लाखात एखाद्याचा. आत जागा लागते त्याला. सूर घुमायला आत जागा ठेवलेली असते, म्हणून तो..."

ती थांबली.

"वहिनी," काकू म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट तिलाच. "होल म्हणजे काय? मला शब्द हवाय. गहिरा नव्हे. दुसरा."

आईनं पुस्तिका मिटली. आम्ही सगळे वर बघत होतो.

"पोकळ," आई म्हणाली.

काकूच्या हातातला पदर सुटला.

"काय बघतेस?" आई म्हणाली. "तुझाच शब्द आहे. चैत्रगौरीला सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी गायले, आणि तू कुलकर्णी काकूंच्या कानात म्हणालीस, 'आवाज जरा पोकळच आहे नाही?' मी ऐकलं, कुंदा. कडवं अर्धं होतं माझं. कसं पुरं केलं ते माझं मला माहीत. त्यानंतर तोंडातून सूर काढायची लाज वाटायला लागली मला."

इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात गाणं नव्हतं ते ह्या एका शब्दापायी.

काकूनं नाक ओढलं. "म्हटलं होतं," ती म्हणाली. "नाही कशाला म्हणू? जळत होते मी. सकाळपासून पाट्यावर डाळ वाटून आंबेडाळ केलेली, पन्हं केलेलं. तुम्ही गायला लागलात आणि सगळ्या बायका वाट्या खाली ठेवून तुमच्याकडे बघत बसल्या. पन्हं कोमट झालं हो माझं! एकीनंही चांगलं म्हटलं नाही."

"मला काय माहीत? मी डोळे मिटून गाते."

"तेच तर! कायम डोळे मिटून!"

"व्हॉट आर दे सेइंग?" मिझुतानींनी सरांना विचारलं.

"टर्मिनॉलॉजी," सर म्हणाले. "व्हेरी डीप टर्मिनॉलॉजी."

"पण मग," काकू डोळे पुसता पुसता मध्येच थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर ती खास खांबेट्यांची चमक आली, "पण मग वहिनी, मी बरोबरच होते की!"

"काय?"

"ह्या जर्मन म्हाताऱ्याच्या हिशेबानं मी तुमची केवढी स्तुती केली! लाखात एक म्हटलं तुम्हांला. आणि तुम्ही रुसून बसलात."

"तुला काय माहीत होतं तेव्हा त्याचा हिशेब?"

"तुम्हांला तर माहीत होता! जर्मन कोणाला येतं, तुम्हांला की मला?"

आई आधी हसू दाबत होती. मग दाबता येईना. हसली ती ढेरी असलेल्या पुरुषासारखी नव्हे, अगदी देवघरातल्या घंटीसारखी, घाईत पूजा चाललेली. खालून काकूही हसत सुटली. मिझुतानी साहेबांना कळेना काय झालं, पण सभ्य माणूस, तेही हसले.

मग काकू चार पायऱ्या चढून चौकात आली. "एकदा काढून दाखवा," ती म्हणाली. "आवाज ऐकल्याशिवाय मी शब्द निवडणार नाही."

"इथे? जिन्यात?"

"त्यांच्या वडिलांचा प्रश्न आहे वहिनी."

आई चार पायऱ्या उतरली. तिनं डोळे मिटले, मग काहीतरी आठवून उघडले आणि काकूकडे बघत, ओठ मिटूनच, एक सूर लावला. सुरुवातीला तो थरथरला. मग स्थिरावला आणि आजोबांच्या त्या ऐसपैस चौकात घुमत राहिला. फाटकापाशी बाबांनी काकांचा दंड धरला होता.

"उत्सुरो," काकू हळूच म्हणाली. मग मला समजावलं, "झाडाला ढोली असते ना, आतून मोकळी, पाखरं राहतात ती. त्यातला शब्द आहे." आणि मिझुतानींकडे वळून तिनं ते अख्खं वाक्य जपानीत सांगितलं, सावकाश. 'तुमचा पक्षी पोकळ आणि गहिरा गातो. यासारखे दुसरे काही नाही.'

मिझुतानींनी टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवला आणि खिशातून रुमाल काढून चष्म्याखाली धरला. ते काय म्हणाले त्याचं भाषांतर करायला काकूला वेळ लागला. "म्हणतायत, वडिलांना आजच फोन करतो. आधी मित्राला पत्र लिहायला सांगतो. मग पक्ष्यांच्या खोलीत जायला."

"चहा घेऊन जा म्हणावं," आई म्हणाली. "चल ऋजुता, वर आधण ठेव."

"खाली ठेवलंय मी," काकू म्हणाली. "आणि पन्हं आहे. थंड आहे."

माझी नोकरी पक्की झाली. चाकणची मॅन्युअल्स आली ती पोतं भरून, आणि त्यांत एकही पक्षी नव्हता. गिअरबॉक्सवाल्या गृहस्थांना मी तीन वर्षं पुरेल इतकं काम दिलं. टोपली पुन्हा भाजीला लागली, चिठ्ठ्यांची गरज उरली नाही. वाद मात्र चौकात बसून नियमानं होऊ लागले.

त्या भेटीनंतरच्या आठवड्यात मी सकाळी केस विंचरत होते आणि एकदम थबकले. आई भाकऱ्या थापत होती, आणि थापेच्या तालावर काहीतरी गुणगुणत होती. मी फणी केसांतच धरून उभी राहिले. हलले तर थांबेल असं वाटलं. सूर मोठा होत गेला, खिडकीतून बाहेर पडला, आणि खाली काकूच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट बंद झाली.

"वहिनी!" खालून हाक आली. "पोकळ!"

आईचं गाणं थांबलं. तिनं पिठाचे हात तसेच धरून खिडकीतून खाली वाकून विचारलं, "नुसतंच पोकळ?"

"नाही हो," खालून काकू ओरडली. "पोकळ उंट गहिरं!"